आठ तोंडांचं साउंड कार्ड

फार फार पूर्वी एक राज्य होतं. किती पूर्वी, ते विचारू नका. तिथे किल्ला होता, घोडेस्वार होते, आणि घरोघरी कॉम्प्युटरही होते.

त्या राज्याचा राजा भित्रा होता. आपल्याविरुद्ध कुणीतरी कुजबुजतंय, असं त्याला सतत वाटायचं. म्हणून त्याने हुकूम काढला होता. ज्या घरात वाद्य आहे, त्या घराने वर्षातून एकदा ते घरातच वाजवून रेकॉर्ड करायचं आणि किल्ल्यावर पाठवायचं. राजा सूर ऐकायचाच नाही. सुरांच्या मागे काय आहे, ते ऐकायचा. मागे बारीकशी सरसर जरी आली, तरी ओरडायचा, "कुजबुज! त्या घरात कुजबुज आहे!" मग शिपाई यायचे आणि त्या घरातला एक माणूस घेऊन जायचे. वाद्य लपवलं, तर सगळं घर न्यायचे.

नेलेला माणूस परत आलेला कुणी पाहिला नव्हता.

त्या राज्यातल्या एका गावात एक मुलगी आणि तिचे बाबा राहत होते. मुलगी गिटार वाजवायची. यंदा पहिल्यांदा तिचं नाव किल्ल्यावरच्या वाद्यवाल्यांच्या यादीत आलं. गेल्या वर्षी शेजारच्या बासरीवाल्या मावशींना शिपायांनी नेलं होतं. त्यांनी मळलेली कणीक परातीत तशीच राहिली. ती वाळली, तिला भेगा पडल्या, तरी त्या घरात पाऊल टाकायची कुणाची हिंमत झाली नाही. मुलीला ती परात खिडकीतून रोज दिसायची.

गिटारचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न्यायला साउंड कार्ड लागतं. ते घ्यायचं, म्हणजे आधी तीन जाणत्यांना विचारायचं. गावाची रीतच होती. जाणते म्हणजे काय, तर वय झालेले. बाकी काही नाही. तिघांपैकी एकानेही कधी वाद्याला हात लावला नव्हता, त्यामुळे त्यांच्या घरून किल्ल्यावर कधी काही गेलंच नव्हतं. पण त्यांनी पसंत केलेली वस्तू परत करायची नाही, असा नियम होता. परत केली तर त्यांचा अपमान व्हायचा.

तिघे मुलीला आणि बाबांना घेऊन दुकानात गेले. थोरल्या जाणत्याने एक मोठं कार्ड उचललं, हातावर तोललं. "वजन बघा! आणि वायरी लावायला आठ तोंडं आहेत. आठ!"

"आजोबा, मला एकच वायर लावायचीय," मुलगी म्हणाली. शेजारी एक छोटं कार्ड होतं. त्याला दोनच तोंडं होती. एकावर इवलीशी गिटार काढलेली होती. "हे बघू का?"

"ही तपकिरीची डबी?" मधला हसला. "राजाला सूर पाठवायचेत की तपकीर?"

"निदान वाजवून तरी बघते."

"दुकानात वाजवून बघतात होय?" धाकटा जाणता ओरडला. "दुकानदार चोर आहे का? आणि आम्ही काय इथे माशा मारायला आलोय?"

दुकानाच्या तुळईला एक वटवाघूळ उलटं लटकलं होतं. ते म्हणालं, "पोरी, वाजवू नकोस. नुसती वायर लाव, आवाजाचं बटण हवं तितकं चढव, आणि गप्प बसून ऐक. जे कार्ड गप्प राहील, ते घे. त्या मोठ्याची आठही तोंडं माईकसाठी आहेत. गिटारचा आवाज त्यात दुबळा पडतो. मग तू बटण पिळत जाशील आणि सरसर वाढत जाईल."

"याला दिवसा धड दिसत नाही आणि आम्हाला शिकवतंय!" थोरल्याने काठी आपटली. वटवाघूळ उडालं.

मोठं कार्ड घरी आलं. मुलीने वायर लावली. आवाज फारच बारीक येत होता, म्हणून बटण चढवलं. तारांवरून हात काढला आणि ऐकलं. स्सss. बंद दाराआड चारपाच माणसं खालच्या आवाजात बोलत असावीत, तसं.

ती धावत जाणत्यांकडे गेली. "आजोबा, यात सरसर येते. मला ते छोटं आणू द्या."

"आमच्या कानांना नाही येत सरसर."

"तुम्ही कुठे ऐकलंत?"

"अगं, काय ही जीभ!" थोरला बाबांकडे वळला. "हेच शिकवलंस का रे हिला?"

बाबा खाली मान घालून म्हणाले, "चल बाळ. मोठी माणसं आहेत." त्यांना राजाची भीती वाटायची, पण राजा लांब होता. हे तिघे रोज समोर यायचे.

मुदत संपत आली होती. मुलीने डोळे मिटून वाजवलं आणि पाठवून दिलं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी शिपाई आले. सगळा गाव जमला. शिपायांच्या नायकाने मुलीचंच रेकॉर्डिंग लावलं. सूर गोड होते. सुरांच्या मागे स्सss चाललं होतं.

"कोण कुजबुजतंय?" नायकाने विचारलं.

"कुणीच नाही! कार्डाचा आवाज आहे तो."

"कार्ड कुणी निवडलं?"

मुलीने जाणत्यांकडे पाहिलं. धाकटा चपला शोधू लागला. मधल्याला खोकला आला. थोरला म्हणाला, "हिचाच हट्ट, साहेब. आम्ही छोटं घे म्हणत होतो. आजकालची मुलं ऐकतात कुठे?"

शिपायाने तिचा दंड धरला. तेव्हा बाबा पुढे आले.

"मी कुजबुजत होतो," ते म्हणाले. "हिला काही माहीत नाही."

आयुष्यात कुणाविरुद्ध चकार शब्द न काढलेल्या माणसाला कुजबुजल्याबद्दल नेलं. जाणत्यांनी दारं लावून घेतली.

पुढच्या वर्षी गावातल्या एका सतारवाल्या काकूंचं नाव पहिल्यांदाच यादीत आलं. तिघे जाणते त्यांना दुकानात न्यायला निघाले. मुलगी कागद घेऊन रस्त्यात आडवी उभी राहिली.

"सांगा ना कुठलं कार्ड घ्यायचं. पण आधी इथे सही करा. सरसर आली, तर काकू नाही, तुम्ही जायचं."

थोरल्याने कागद वाचला. "आज माझे गुडघे फार दुखतायत," म्हणाला आणि मागे फिरला. बाकीच्या दोघांनाही कामं आठवली.

काकू एकट्याच दुकानात गेल्या. मुलीने सांगितलं होतं तशी वायर लावली, बटण चढवलं, वाजवलं नाही, नुसतं ऐकलं, आणि जे गप्प राहिलं ते कार्ड घेतलं. त्यांच्या दारात शिपाई आले नाहीत.

मुलीचे बाबा परत आले नाहीत.

तात्पर्य: चूक झाली तर जो तुमच्या जागी जाणार नाही, त्याला तुमच्या वतीने निवडू देऊ नका, मग त्याचं वय कितीही असो.