विरजणाची वाटी

“…पण मग प्रयोगशाळा का सोडलीत, बाई?”

मुतालिकबाई पोहे भिजवत होत्या. कुरुंदवाडच्या शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. तरुणपणी मात्र पुण्यात रेणवीय जीवशास्त्रात संशोधन करत. दही लावणाऱ्या जंतूंची जनुकं, हा त्यांचा विषय. गावी परतताना त्यातला एक जंतू काचेच्या नळीतून घेऊन आल्या आणि घरचं दही त्यानंच लावू लागल्या. गावाला याचं काय कौतुक! पिकतं तिथं विकत नाही.

विचारणारा निशिकांत, त्यांचाच विद्यार्थी. आता बंगळूरला त्याची स्वतःची प्रयोगशाळा होती आणि हे तो समोरच्याला विसरू देत नसे. बाईंना तिकडे न्यायला तो आला होता.

“इथं एकट्या काय करणार? चला माझ्याबरोबर. तुमच्यासाठी टेबल रिकामं ठेवलंय.”

“एकटं वाटतं खरं,” बाई म्हणाल्या. “संध्याकाळी तर फार.”

“मग?”

बाईंनी दह्याची वाटी त्याच्या पोह्यांवर पालथी केली. बोटानं तळसुद्धा निपटला.

निशिकांत दचकला. “अहो, विरजणापुरतं तरी ठेवायचं! गेला की तुमचा जंतू! आम्ही एकेक जंतू उणे ऐंशी अंशांवर ठेवतो. शंभर वर्षं काही होत नाही त्याला.”

“शंभर वर्षं… काय करतो तो तिथं?”

“काही नाही. झोपलेला असतो.”

“एकटा?”

“शुद्ध,” निशिकांत म्हणाला.

बाई वाटी विसळून उठल्या.

“आलेच. दिवे लागले की कुणी विरजण देत नाही.”

समोरचं दार वाजलं. अत्तारकाकींचा आवाज आला, “या की बाई! आज येळ केलासा? मला वाटलं, बरं न्हाई काय की. बसा, च्या टाकलाय.”

निशिकांत एकटाच पोहे खात राहिला. घरात एकच खुर्ची होती आणि तिच्यावर तो बसला होता. फोन काढून पाहिला. कुणाचा आला नव्हता. त्यानं तो पालथा ठेवला.

बाई परतल्या. वाटीत चमचाभर दही होतं.

“हे तुमचंच?”

“होतं. आता गल्लीचं आहे. कधी अत्तारांकडून आणते, कधी पलीकडच्या चौगुल्यांकडून.”

“म्हणजे भेसळ झाली. तुमचा जंतू आता उरलाही नसेल.”

“नसेल.”

“आणि तरी तुम्ही रोज तळ पुसून संपवता?”

“रोज. मुद्दाम.”

निशिकांतनं वाटीत वाकून पाहिलं.

मग हळूच म्हणाला, “थोडं मला द्या, बाई. तिकडे नेतो. जपून ठेवीन.”

बाईंनी सगळं विरजण कोमट दुधात ढवळलं. वाटी धुतली, पदरानं पुसली.

“तुझ्या शेजारी कोण राहतं रे?”

“आहे कुणीतरी… नाव नाही माहीत.”

बाईंनी वाटी त्याच्या हातात ठेवली.

“बाई, यात काहीच नाही.”

“तशीच ने. आणि दिवे लागायच्या आत शेजारच्या दारी पोच.”