ठकू कासारीण आणि सारजाचा अंगठा

फार वर्षांपूर्वी, सोनदऱ्याला गाडीवाटसुद्धा नव्हती तेव्हा, तिथे ठकू कासारीण राहायची. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन गावोगाव फिरायची. बांगड्या भरताना बाईच्या तोंडाकडे ती कधी बघायची नाही, नजर फक्त हातावर. आईचा अंगठा लेकीकडे कसा येतो, आजीची वाकडी करंगळी नातीत कशी उतरते, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. असं म्हणतात, की पाळण्यातल्या बाळाची मूठ चाचपून ती त्याच्या पणजीचं नाव सांगायची. लोक थोडं वाढवून सांगत असतील, पण फार नाही.

त्याच गावातल्या सारजाची लेक, जेमतेम चालायला लागलेली, जत्रेच्या गर्दीत हरवली. सारजाने शपथ घेतली, लेक सापडेपर्यंत नवी बांगडी भरणार नाही. जुन्या बांगड्या एकेक करून पिचल्या, वाढत गेल्या आणि शेवटी एकेका हातात एकेकच काच उरली. तीही वाढली तर सवाष्णीचे हात उघडे पडतील, या धास्तीने बिचारी दळतानाही हात जपायची.

वर्षं लोटली. घाटापलीकडच्या धनगरवाड्यावर लग्न निघालं आणि ठकू नवरीचा चुडा भरायला गेली. बांगडी चढवताना नवरीने अंगठा मुठीत दडवला. सारजाची हीच खोड होती. ठकू सवयीने खेकसली, "सारजे, अंगठा सोड. किती वरसं सांगतिया तुला?"

"मावशी, मी बायजा," नवरी म्हणाली.

ठकूने मान वर केली. समोर अनोळखी पोर, आणि हातात मात्र सारजाचा हात. तोच मागे वळणारा अंगठा, तीच आखूड तर्जनी. असं म्हणतात, की त्या क्षणी टोपलीतल्या सगळ्या बांगड्या आपोआप किणकिणल्या.

बायजाला वाढवणारी गंगू शेजारीच बसली होती. ठकूने कुणाचा हात ओळखला, ते तिच्या ध्यानात आलं. "जत्रंच्या वाटंवर रडत बसलेली गावली हुती. लई इचारलं, कुनाला ठावं नव्हतं," ती म्हणाली. "आता न्हेशीला का तिला?"

"न्हेऊ कशाला? तिच्या आईलाच घिऊन येते. तवर अक्षता टाकू नगा."

असं म्हणतात, की ठकू घाटातून अशी धावली, की तिच्या पावलांखाली कातळाला पायऱ्या पडल्या. सारजा आली. तिने पोरीचा हात हातात घेतला आणि ढसाढसा रडली. मग ठकूने बायजाच्या एका बाजूला सारजाला बसवलं, दुसऱ्या बाजूला गंगूला, आणि तिघींचेही हात मनगटभर भरले.

आजही सोनदऱ्यात बारशाला बाळाची मूठ उघडून बायका हात ओळखायला बसतात. कुणी म्हणतं आत्याची बोटं, कुणी म्हणतं आज्याचा तळवा, आणि चांगली जुंपते. पण बाळ दत्तक आलेलं असेल, कुठेतरी सापडलेलं असेल, तर कुणी वाद घालत नाही. सगळ्यांत म्हातारी बाई ती मूठ आपल्या कपाळाला लावते आणि म्हणते, "ह्यो ठकूच्या वळखीतला हात हाय." मग पाळणा म्हणायला सुरुवात होते.