चंपाकळीची आंघोळ

बोरगडच्या तुळाजीराजांची कुस्ती ऐन डावावर अडकली. फोनवर दोन मल्ल एकमेकांचा लंगोट धरून जे थिजले, ते हलेचनात!

"प्रधानजी! माझ्या वाय-फायवर आहे तरी कोण?"

"अख्खं गाव, महाराज. चारशे बारा फोन."

"अहो, कालच पासवर्ड बदलला ना!"

"बदलला. आणि रिवाजाप्रमाणे दवंडीही पिटली."

बोरगडात दवंडीवाचून राजाचा कुठलाच हुकूम लागू होत नसे. म्हणून रोज नवा पासवर्ड निघे, भिवा दवंडीवाला तो चावडीपुढे डफ बडवून सांगे आणि गाव मन लावून उतरवून घेई. आता हे राजांना सांगणार कोण? राजांनी खापर फोडलं ते भिवाच्याच माथी.

"उद्या दवंडी झालीच पाहिजे, आणि वाय-फायवर एकही परका दिसता कामा नये! दिसला तर तुझी गाढवावरून धिंड!"

भिवाने डफ पाठीमागे लपवला. त्याची बायको सगुणा हत्तीखान्यात झाडलोट करायची. तीच पुढे झाली.

"महाराज, दवंडीला दोन शब्द जोडले तर चालंल?"

"दोनशे जोड!"

सकाळी डफ वाजला. "ऐका हो ऐका! आजचा पासवर्ड 'शेपूट सात'! जो वापरील त्यानं राजाचं मीठ खाल्लं! त्याचं नाव वाड्यावर दिसतंय! त्यानं सांजच्याला येऊन चंपाकळी हत्तिणीला आंघोळ घालायची होऽ!"

चंपाकळीला पाण्याचा भारी तिटकारा. मागचा माहूत अजून चिंचेवरून उतरला नव्हता. गावाने फोन गुपचूप खिशात घातले. प्रधानजींनीसुद्धा!

राजे काही दवंडी ऐकत नसत. त्यांना पासवर्डची चिठ्ठी तबकातून येई. त्यांची कुस्ती त्या दिवशी सुसाट चालली.

"शाब्बास! यादी वाचा, प्रधानजी."

"एकच नाव आहे, महाराज." प्रधानजींनी यादी पुढे धरली. "तुळाजीराजे."

सगुणाने घासणी पुढे केली. "चला महाराज, चंपाकळी वाट बघतीया. 'पासवर्ड वापरील त्यानं तिला आंघोळ घालायची,' अशी दवंडी झालीया, हुकूम आपलाच हाय."

राजांनी घासणीकडे पाहिलं, सगुणाकडे पाहिलं आणि असे खदखदून हसले की पगडी घरंगळत गेली.

"माग, काय हवं ते माग!"

"उद्यापासनं पासवर्डची दवंडी बंद."

"मंजूर! वर तुला सोन्याच्या पाटल्या!" राजांनी बाह्या सरसावल्या. "पण सगुणाबाई, हत्तीण पुढून घासायची की मागून?"

"लांबून, महाराज!"