गुणेसाहेबांची हमी

साखर कारखान्यातले दोन मोठे जनरेटर जोडीनं चालत. वीज चुकून जमिनीकडे धावली, तर तिला आवर घालायला प्रत्येकाच्या न्यूट्रल तारेला रेझिस्टरची, म्हणजे विजेचा जोर अडवणारी, एक पेटी होती. दिवाळीत त्यातली एक पेटी जळाली. नवी येईपर्यंत थांबायला मॅनेजर गुणेसाहेब तयार नव्हते.

"अकरा वर्षांत कधी कामाला आली ती पेटी? न्यूट्रल थेट जमिनीला जोडा," ते म्हणाले. फोरमन नलवड्यांना धोका कळत होता, पण त्यांनी मुकाट्यानं जोडून दिलं.

महिन्याभरात केबल बिघडली. बेफाम वीज उसळली, पॅनेल फुटलं आणि समोर उभा असलेला इलाही मुलाणी भाजून दगावला. बावीस वर्षं तो नलवड्यांच्या शेजारी बसून डबा खात आला होता.

चौकशीत संचालकांसमोर साहेब ठासून म्हणाले, "चूक इलाहीची. मशीन सुरक्षित आहे. आजच सुरू करा, हवं तर लिहून देतो."

नलवडे उठले. "लिहून नको साहेब, उभं राहून द्या. मी मशीन चालू करतो. इलाही होता तिथं तुम्ही उभे राहा, गाळप संपेपर्यंत."

साहेबांनी उघडलेलं पेन बंद केलं. संचालक काय ते समजले. नवी पेटी बसेपर्यंत मशीन बंद राहिलं, आणि इलाहीवरचा ठपका खोडला गेला.

तो कागद घेऊन नलवडे इलाहीच्या बायकोकडे, रझियाकडे गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "भाऊ, हेच दिवाळीत बोलला असतात तर?"