विसर्जनानंतरचा घास

“म्हणजे आता हिच्यात कोणीच नाही?”

निस्तारिणी ठाकुरमांनी विचारलं. सगळी गल्ली त्यांना ठाकुरमा, म्हणजे आजी म्हणायची. वय ऐंशीच्या घरात, लाल काठाची पांढरी साडी, हातात नारळाचा लाडू. समोर दुर्गेची मूर्ती. काशीतला बंगाली टोला, दशमीची दुपार.

“कोणी नाही,” भालचंद्र म्हणाला. “सकाळी परातीतल्या पाण्यात हिचं प्रतिबिंब पडलेला आरसा बुडवून मी विसर्जनाचा मंत्र म्हटला. देवी तेव्हाच गेली. आता राहिलाय तो पेंढा आणि माती. संध्याकाळी गंगेत सोडायची, झालं.”

भालचंद्र मूळचा वाईचा. सहा वर्षं तो वृद्ध हरिनाथ भट्टाचार्यांपाशी बंगाली पूजाविधी शिकला होता, आणि यंदा पहिल्यांदाच सगळी पूजा त्याने एकट्याने केली होती. कुठे अडखळला नाही. गुरूंनी मात्र अजून ‘बरं झालं’ एवढंही म्हटलं नव्हतं, आणि ते त्याला सलत होतं. विद्वान माणूस दुखावला की जरा जास्तच खरं बोलतो.

ठाकुरमांचा हात खाली आला.

मागे बायका विड्याची पानं, सिंदूर, मिठाई घेऊन उभ्या होत्या. कोणी पुढे सरकेना.

“दरसाल मी हिला भरवून पाठवते,” म्हातारी स्वतःशीच म्हणाली. “यंदा तशीच गेली...”

तिने लाडू पदरात बांधायला घेतला. मला विचाराल तर भालचंद्राचा रागच यावा. पण तो खोटं बोलला नव्हता, हीच पंचाईत.

कोपऱ्यात पोथ्या बांधत बसलेले हरिनाथ उठले. गुडघ्यावर हात टेकत मूर्तीपाशी गेले, घडवंचीवर चढले आणि देवीच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटले.

“काय सांगितलंत, गुरुजी?” भालचंद्राने विचारलं.

“थोडं थांब म्हटलं. बायकांचं व्हायचंय अजून.”

भालचंद्राचा चेहरा उतरला.

“म्हणजे... माझा मंत्र चुकला?”

“एक अक्षरसुद्धा चुकलं नाही.”

“मग देवी गेली.”

“गेली.”

“तर मग थांब कुणाला म्हणालात?”

हरिनाथ त्याच्याकडे वळले.

“तुमच्याकडे गणपती निघताना त्याच्या हातावर दही ठेवतात ना रे?”

“हो.”

“तुझ्या घरी कोण ठेवतं?”

“आई.”

“उत्तरपूजेच्या आधी?”

“...नंतर.”

“मग तिला कधी सांगितलंस, की आता ही नुसती माती आहे म्हणून?”

भालचंद्राची मान खाली गेली. त्याला लाज वाटली, आणि ती लपवायलाही जमेना.

मग तो पुढे झाला. गुरूंना हात देऊन खाली उतरवलं आणि घडवंची दोन्ही हातांनी घट्ट धरली.

“या, ठाकुरमा. मी धरलीय.”

ठाकुरमा चढल्या. पानाने त्यांनी देवीचं तोंड पुसलं, एका गालावरून, मग दुसऱ्या. पदराची गाठ सोडून लाडू तिच्या ओठांना लावला. मग कानाशी वाकून बोलत राहिल्या... काय, ते कोणी ऐकलं नाही. त्यांना घाईही कोणी केली नाही.

त्यांच्यामागून एकेक बाई चढली. शेवटची उतरेपर्यंत भालचंद्र घडवंची धरून होता.

ठाकुरमांनी उरलेला लाडू मोडून गुरु-शिष्य दोघांच्या हातावर ठेवला आणि त्या डोळे पुसत घराकडे निघाल्या.

“गुरुजी,” भालचंद्र हळूच म्हणाला, “मग सकाळी मी केलं ते काय?”

हरिनाथांनी लाडवाचा तुकडा तोंडात टाकला. सावकाश चावून संपवला.

“तिला जायला दार उघडलंस. निरोप बायकांनी दिला,” ते म्हणाले.