रणनवरेसाहेबांची पांढरी पँट

सकाळी सव्वानऊला हे सुरू झालं. शर्यतीत मोटारसायकल पळवणार होते माझे मिस्टर. इंजिन मध्येच जाम झालं तर माणूस उडून पडतो, म्हणून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

कॅनमधल्या पेट्रोलमध्ये इंजिनाच्या वंगणासाठी आधीच एरंडेलाचं ऑइल मिसळलेलं होतं. गाडीचे मालक रणनवरेसाहेब त्यातच दुसरं, खनिज ऑइल ओतायला निघाले.

मी म्हटलं, "साहेब, ही दोन एकमेकांत मिसळत नाहीत, गोळे होतात आणि इंजिन जाम होतं."

"वहिनी, दोन्ही भारीतली आहेत! इंजिन काय तक्रार करतंय?"

मी कडेवरची लेक पुढे केली. "माझी तान्हीपण बोलत नाही. घ्या मांडीवर. दूध आणि मोसंबीचा रस एकदमच पाजते. दोन्ही भारीतलीच!"

साहेबांनी आपल्या पांढऱ्या पँटकडे पाहिलं आणि कॅन रिकामा करून धुवायला दिला.

तुमच्या ओळखीत कोणी शर्यतीला उतरत असेल, तर एवढं कळवा बाई.