नापास रॉड

एकदा एका औद्योगिक वसाहतीत एक वृद्ध परीक्षक काम करीत असत. पाणी तापवायचे विजेचे रॉड बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं आणि सगळे त्यांना आबा म्हणत. प्रयोगशाळा म्हणजे तरी काय, पत्र्याच्या शेडमधली एक खोली, पायाखाली रबराची चटई आणि टेबलावर एक यंत्र. बाजारात जाणारा प्रत्येक रॉड या यंत्राला चिमट्यांनी जोडायचा, घरातल्या विजेच्या पाचपट दाबाची वीज त्यावर सोडायची आणि बाहेरच्या नळीपर्यंत किती वीज झिरपते ते आकड्यात पाहायचं. झिरप मर्यादेत असली की हिरवा दिवा लागे. जास्त असली की लाल दिवा आणि कान किटवणारा भोंगा.

सुमेधा ही त्यांची शिष्या. डिप्लोमा करून आलेली, हुशार आणि हाताने चपळ. पहिल्याच आठवड्यात निष्काळजीपणाने तिला असा झटका बसला, की दोन दिवस कोपरापर्यंत हात बधिर होता. त्यानंतर आबांनी सांगितलेलं सारं तिने मुकाट्याने पाळलं. बांगड्या काढून ठेवायच्या. ओल्या हाताने यंत्राला शिवायचं नाही. वीज चालू असताना एक हात पाठीमागे धरायचा. चाचणी संपली तरी आधी अर्थिंगची काठी टेकवून उरलीसुरली वीज जमिनीत उतरवायची आणि मगच चिमटा काढायचा. दोन वर्षांत यातलं काही तिने एकदाही चुकवलं नाही.

आबांची एक रीत मात्र तिला उमगत नसे. त्यांच्या कपाटात लाल फीत बांधलेला एक रॉड होता, नळीला चीर गेलेला, मुद्दाम जपलेला. रोज सकाळी पहिला चांगला रॉड लावण्याआधी आबा तो खराब रॉड यंत्राला लावीत. भोंगा वाजला की रजिस्टरात खूण करीत आणि मग काम सुरू. संध्याकाळी शेवटी पुन्हा तोच रॉड, पुन्हा भोंगा, पुन्हा खूण. कामगार या प्रकाराला आबांची आरती म्हणत. सुमेधाही हसे. जो रॉड नापास आहे हे सगळ्यांना पाठ आहे, त्याला दिवसातून दोनदा नापास करून मिळतं काय, असं तिने एकदा विचारलंही होतं. आबा म्हणाले होते, "करत जा. कळेल." जाणत्या माणसांना वाटतं की एवढं बोललं म्हणजे शिकवून झालं.

थंडी तोंडावर आली तशी मागणी वाढली आणि नेमकी तेव्हाच आबांच्या डोळ्यांवर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली. तीन आठवडे प्रयोगशाळा सुमेधाच्या हाती आली. पहिले तीन दिवस तिने नापास रॉड नेमाने लावला. चौथ्या दिवशी कपाटाची किल्ली घरी राहिली. दारात मालाची गाडी उभी, मालक घड्याळाकडे बघताहेत. तिने रजिस्टरात खूण केली आणि काम सुरू केलं. काहीच बिघडलं नाही. पाचव्या दिवशी किल्ली पर्समध्ये होती, तरी तिने कपाट उघडलं नाही.

पुढचे दिवस मोठे सुखाचे गेले. भोंगा म्हणून वाजेना. आकडा प्रत्येक वेळी शून्य. एरवी चांगल्यातल्या चांगल्या रॉडलाही थोडी झिरप दिसायची, आता तीही नाही. माल सुधारला असं सुमेधाला वाटलं. मालकांनाही तेच वाटलं आणि त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले. एवढ्या दिवसांत एकही रॉड नापास झाला नाही, याबद्दल कुणालाच शंका आली नाही. आनंदाच्या वेळी शंका काढणारा माणूस कुणाला आवडतो?

बाविसाव्या दिवशी आबा काळा चष्मा लावून कामावर आले. कुणाशी न बोलता त्यांनी कपाट उघडलं, लाल फितीचा रॉड यंत्राला लावला आणि कळ दाबली.

हिरवा दिवा लागला. आकडा शून्य.

आबांनी पुन्हा कळ दाबली. पुन्हा हिरवाच. मग त्यांनी यंत्र बंद केलं, अर्थिंगची काठी टेकवली आणि यंत्रापासून चिमट्यापर्यंत जाणारी जाड वायर बोटांनी चाचपत गेले. चिमट्याच्या जरा अलीकडे बोट थांबलं. वरचं रबर शाबूत होतं, आतली तार तुटलेली होती. मालाच्या ढकलगाडीचं चाक कधीतरी तिच्यावरून गेलं असावं. तेव्हापासून यंत्र रॉडपर्यंत पोहोचतच नव्हतं.

"कधीपासून?" आबांनी विचारलं.

सुमेधाने रजिस्टर पुढे केलं. "मी रोज लावत होते, आबा. रजिस्टर बघा ना. कालपर्यंत ठीक होतं."

आबांनी रजिस्टर उघडलं नाही. त्यांनी कोपऱ्यातली लोखंडी बादली भरून आणली. तयार मालाच्या खोक्यातून सुमेधाच्या सहीची चिठ्ठी लावलेला एक रॉड काढला, बादलीत सोडला आणि त्याची वायर टेबलामागे नेली. मग ते म्हणाले, "पोरी, पाण्यात हात घाल."

सुमेधा जागची हलली नाही.

"घाल ना. पास आहे रॉड. चिठ्ठीवर सही तुझीच आहे."

कामगार दारात गोळा झाले. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं की काय, असं कुणीतरी पुटपुटलं. सुमेधाने हात पुढे केला आणि पाण्यापासून वीतभर अंतरावर तो थांबला. तिने तो मागे घेतला आणि ती रडू लागली. "नाही लावला मी, आबा. चौथ्या दिवसापासून नाही लावला. खुणा नुसत्याच केल्या."

आबांनी टेबलामागून वायर ओढली. तिचं टोक जमिनीवर मोकळंच पडलं होतं, ते कुठल्याही सॉकेटमध्ये नव्हतं.

"मी तुला मरू दिलं नसतं," ते म्हणाले. "पण तू हात मागे घेतलास, कारण तुला ठाऊक होतं. ज्यांनी हे रॉड घरी नेलेत, त्यांना ठाऊक नाही. ते हात घालतील. यंत्र शून्य दाखवतं ते दोन कारणांनी. एक तर झिरप नाही म्हणून, नाही तर यंत्र आंधळं झालंय म्हणून. दोन्ही शून्यं दिसायला सारखीच. यातलं कुठलं ते ओळखायचं असेल तर ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे तो प्रश्न यंत्राला विचारावा लागतो. त्यासाठी तो नापास रॉड होता. मी शिकवलेलं जे जे तुझ्या जिवासाठी होतं ते तू सगळं पाळलंस. परक्याच्या जिवासाठी एकच गोष्ट होती, तेवढी सोडलीस."

हे बोलून ते मालकांकडे गेले. सुमेधा डोळे पुसत मागोमाग गेली. मालकांनी सगळं ऐकून घेतलं. गोदामातला माल पुन्हा तपासायला ते लगेच तयार झाले, कारण त्यात कुणाला काही सांगावं लागत नव्हतं. पण चौथ्या दिवसापासून तपासलेल्या मालापैकी चाळीस रॉडांचं एक खोकं आधीच डोंगराकडच्या बाजारगावी गेलं होतं. ते परत मागवायचं म्हणताच त्यांचा चेहरा बदलला.

"अहो आबा, अठरा दिवस झाले. एक तरी तक्रार आली का? नाही ना? मग उगाच गावभर बोभाटा कशाला? कारखान्याचं नाव जाईल."

"तक्रार नाही, हेही शून्यच आहे, मालक," आबा म्हणाले. "ते कुठलं शून्य, हे तुम्ही तपासलंत का?"

मालकांनी समोरचे कागद ओढले. रजा टाकून जायचं तर जा, कारखान्याचं नाव मात्र घेऊ नका, एवढंच ते म्हणाले. दोघं दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने निघाले.

दुकानात अकरा रॉड शिल्लक होते. बाकीच्यांसाठी सुमेधा वाडी-वाडी हिंडली. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून तिने स्वतः सांगितलं, की रॉडमध्ये दोष असू शकतो आणि तो न तपासता पाठवणारी मी आहे. हे वाक्य पहिल्यांदा बोलताना तिचा आवाज कापला, नंतर कापेनासा झाला. चार दिवसांत सदतीस रॉड हाती आले.

शेवटच्या वाडीत एका घरची सून अंगणात लेकीची वेणी घालत होती. तिने रॉड आणून दिला. बरोबर नेलेल्या लहान मीटरवर आबांनी तो तपासला, आधी नापास रॉड लावून आणि मग हा. दोन्हींचा आकडा जवळजवळ सारखाच आला.

"बाई, याचा कधी झटका नाही बसला?" सुमेधाने विचारलं.

"झटका नाय, जरा झिनझिन्या यायच्या पान्यात हात घातला की. नवा हाय म्हून येत असत्याल, म्हनलं. ही पोर आंघोळीला रडायची, पर ती तशीबी रडतीच."

"मग दुकानात का नाही सांगितलंत?"

"एवढ्याशासाठी काय सांगायचं, ताई?" बाई हसून म्हणाली.

आबा तिथेच ओट्यावर बसले. परतीच्या वाटेवर ते फक्त एकदा बोलले. "चूक तुझ्या एकटीची नाही. दोन वर्षं मी तुला काय करायचं ते सांगितलं, का करायचं ते सांगितलं नाही. तू मान डोलवायचीस आणि तुला समजलं, असं मी धरून चालायचो. मीही तुला कधी तपासलं नाही." आबांचं हे बोलणं सुमेधाला दिलासा देण्यासाठी होतं आणि त्याने तिला कसलाच दिलासा मिळाला नाही.

गोदामातल्या मालात पुढे दोन रॉड नापास निघाले. मालकांनी ते गुपचूप भंगारात टाकले आणि त्या वर्षी दर्जाचं प्रशस्तिपत्र मिळालं तेव्हा भाषणही केलं. आबा त्या समारंभाला गेले नाहीत. वर्षभराने ते निवृत्त झाले आणि लाल फितीचा रॉड सुमेधाच्या हाती ठेवून घरी गेले.

तीन रॉड सापडले नाहीत. आठवडी बाजारात आलेल्या कुण्या वाटसरूंनी ते नेले, नाव ना गाव. आज सुमेधा त्या प्रयोगशाळेची प्रमुख आहे. सकाळी नापास रॉडवर भोंगा वाजल्याशिवाय ती कुणाला चटईवर पाऊल ठेवू देत नाही, आणि आपण हे का करतो ते प्रत्येक नव्या माणसाला बादलीच्या गोष्टीसकट सांगते. स्वतःचं नाव गाळत नाही.

पण घरून निघण्यापूर्वी ती वर्तमानपत्राचं जिल्ह्याचं पान उघडते आणि डोंगराकडच्या गावांच्या बातम्या वाचते. कुणाला न्हाणीघरात विजेचा धक्का बसला का, ते शोधते. इतक्या वर्षांत तशी बातमी आली नाही. नवरा म्हणतो, "बघ, काही नाही. आता तरी सोड." ती पान मिटते आणि कामाला निघते. हे काही नाही म्हणजे कुठलं शून्य, ते त्या पानाला विचारायला तिच्याजवळ कुठलाही नापास रॉड नाही.